तिनं कधी ‘नाही’ म्हटलंच नाही: एआय जोडीदारांची साठ वर्षांची गोष्ट

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायला कंटाळा आला तर ऐका.)

आजचा विषय ऐकून काही जण हसतील आणि काही जण गप्प होतील. हा भाग गप्प होणाऱ्यांसाठी जरा जास्त आहे. विषय आहे माणूस आणि एआय यांच्यातलं प्रेम. म्हणजे मोबाईलमधल्या एका अ‍ॅपला नाव द्यायचं, रोज रात्री त्याला दिवसभराचं सगळं सांगायचं, आणि एक दिवस लक्षात यायचं की आपण दिवसभर या गप्पांचीच वाट बघत असतो.

आपल्याला वाटतं, हे सगळं गेल्या तीन-चार वर्षांतलं आहे. तसं नाहीये. ही गोष्ट साठ वर्षं जुनी आहे. या साठ वर्षांत यंत्रं कुठल्या कुठे गेली, पण एक साधी गोष्ट त्यांना अजून जमलेली नाही. कुठली, ते सांगतेच. आधी १९६६ मध्ये जाऊ.

प्रोफेसरांनाच खोलीबाहेर काढलं

अमेरिकेत एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबाउम नावाचे प्राध्यापक होते. जन्म १९२३ चा, बर्लिनमधल्या एका ज्यू कुटुंबात. जर्मनीत हिटलरचं राज्य आल्यावर, १९३६ मध्ये, हे कुटुंब अमेरिकेत आलं. पुढे ते कॉम्प्युटरकडे वळले. १९६४ ते १९६६ या काळात त्यांनी एक प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला नाव दिलं ‘एलायझा’. तुम्ही टाइपरायटरसारख्या यंत्रावर इंग्रजीत एक वाक्य टाइप करायचं, की पलीकडून कॉम्प्युटरचं उत्तर यायचं.

ही एलायझा काम कशी करायची? मराठीत उदाहरण देते. समजा तुम्ही लिहिलंत, ‘माझी आई माझं ऐकत नाही.’ प्रोग्रॅम त्यातला ‘आई’ हा शब्द पकडणार आणि विचारणार, ‘घरच्यांबद्दल अजून सांग ना.’ किंवा ‘माझी’चं ‘तुझी’ करून तुमचंच वाक्य प्रश्न म्हणून परत देणार. ओळखीचा शब्द सापडलाच नाही, तर ‘बरं, पुढे?’ बस. समजणं वगैरे काही भानगड नाही. डोंगरात हाक मारली की प्रतिध्वनी येतो तसंच, फक्त सर्वनाम बदलून.

वायझेनबाउमनी तिला भूमिका दिली होती मानसोपचारतज्ज्ञाची. कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाची एक पद्धत आहे. तिच्यात थेरपिस्ट सल्ला देत बसत नाही, समोरच्याचंच बोलणं त्याच्यापुढे ठेवतो. जगाबद्दल काहीच माहीत नसलेल्या प्रोग्रॅमला याच्याइतकी सोयीची भूमिका कुठली मिळणार?

तर वायझेनबाउम यांची सेक्रेटरी. कित्येक महिने ती बघत होती की हे प्रोफेसर एक प्रोग्रॅम लिहितायत. आत कुठला डॉक्टर लपलेला नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. एक दिवस तीही एलायझाशी बोलायला बसली. दोन-चार वाक्यं झाली, आणि तिनं वायझेनबाउमना विनंती केली की तुम्ही जरा खोलीबाहेर जा.

आणखी एक प्रसंग त्यांनी लिहून ठेवलाय. त्यांनी सुचवलं, की लोकांचे एलायझाबरोबरचे संवाद साठवून ठेवू, मग तपासता येतील. लोक चिडले. म्हणाले, ही तर आमच्या अगदी खासगी विचारांवर पाळत झाली!

लक्षात घ्या, इथे कुणाचीही फसवणूक झाली नव्हती. सेक्रेटरीला सगळं माहीत होतं आणि तरीही तिला दार बंद हवं होतं. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

एलायझा, म्हणजे आपली मंजुळा

एलायझा हे नाव आलं जॉर्ज बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ या नाटकातून. लंडनच्या रस्त्यावर फुलं विकणाऱ्या एलायझा डूलिटलला एक प्राध्यापक उच्चभ्रू इंग्रजी बोलायला शिकवतो. ओळखीचं वाटतंय ना? वाटणारच. पु. ल. देशपांड्यांनी याच नाटकावरून ‘ती फुलराणी’ केलं. १९७५ मध्ये ते रंगभूमीवर आलं आणि भक्ती बर्वेंनी मंजुळा अजरामर केली. मंजुळाचं ते स्वगत कॉलेजच्या स्पर्धेत एकदा तरी ऐकलं नाही, असा मराठी मुलगा-मुलगी सापडणं कठीण.

शॉनं नाव घेतलं ते आणखी जुन्या गोष्टीतून. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ओव्हिड या रोमन कवीनं सांगितलेली ती गोष्ट. सायप्रसमधला पिग्मॅलियन नावाचा शिल्पकार खऱ्या बायकांना कंटाळतो, हस्तिदंताची एक स्त्री घडवतो आणि तिच्याच प्रेमात पडतो. तिला दागिने घालतो, भेटी आणतो, जवळ घेतो. शेवटी प्रेमाची देवी त्या पुतळ्यात प्राण फुंकते. लग्न होतं, सगळं गोड.

आता गंमत बघा. ओव्हिडच्या गोष्टीत त्या स्त्रीला नावच नाही. गॅलाटिया हे नाव तिला कित्येक शतकांनी मिळालं. आणि जिवंत झाल्यावरही ती त्या गोष्टीत एक शब्द बोलत नाही. तिला हे लग्न करायचं होतं का, हा प्रश्न कुणाच्या मनातही येत नाही.

शॉनं नेमकं हेच बदललं. त्याची एलायझा बोलते, भांडते आणि शेवटी प्राध्यापकाला सोडून निघून जाते. लोकांना वाटायचं, दोघांचं लग्न लावून टाका की. शॉचा त्याला सक्त विरोध होता. मंजुळाचं स्वगत आपल्याला आवडतं तेही याचसाठी. जिला घडवलं, ती घडवणाऱ्याला सुनावते.

आणि मग येतो १९६६ चा प्रोग्रॅम. नाव एलायझाचं, पण स्वभाव त्या हस्तिदंती पुतळ्याचा. ही कधी भांडणार नाही, उठून जाणार नाही, ‘आज माझा मूड नाही’ म्हणणार नाही.

यंत्राला न जमणारी गोष्ट ती हीच. स्वतःचा नकार.

ज्यानं बनवलं, तोच घाबरला

वायझेनबाउमना वाटलं होतं, हा प्रोग्रॅम बघून लोकांना कळेल की यंत्राशी संवाद किती वरवरचा असतो. झालं उलटंच. १९६६ मध्येच केनेथ कोल्बी या मानसोपचारतज्ज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लिहिलं, की असा प्रोग्रॅम विकसित केला तर एक कॉम्प्युटर तासाला शेकडो मनोरुग्ण हाताळू शकेल. वायझेनबाउम हादरले. ज्याला आपलं दुःख कळतच नाही, त्याच्याकडे आपण उपचारासाठी माणसं पाठवणार?

१९७६ मध्ये त्यांनी एक पुस्तक लिहिलं आणि उरलेलं आयुष्य या क्षेत्राचे टीकाकार म्हणून काढलं. त्यांचं थोडक्यात म्हणणं असं, की कॉम्प्युटरला काय करता येईल हा एक प्रश्न झाला, आणि त्याला काय करू द्यावं हा दुसरा. उतारवयात ते बर्लिनला परतले आणि २००८ मध्ये वारले.

एमआयटीमधल्याच शेरी टर्कल या समाजशास्त्रज्ञ बाईंनी विद्यार्थ्यांचंही निरीक्षण केलं. एलायझाला काही कळत नाही हे या मुलांना माहीत होतं, तरी त्यांना तिच्याशी एकट्यानं बोलायचं होतं. टर्कल पुढे कित्येक वर्षं हाच प्रश्न घेऊन बसल्या: ‘माणसाला यंत्रापुढे मन मोकळं करावंसं का वाटतं?’

मला यात मराठीतला एक फरक उपयोगी वाटतो. आपल्याकडे ‘एकांत’ आणि ‘एकटेपणा’ हे दोन वेगळे शब्द आहेत. एकांत आपण मागून घेतो, एकटेपणा वाट्याला येतो. त्या सेक्रेटरीला एकांत हवा होता. जिथे कुणी आपल्याला जोखणार नाही आणि बोललेलं बाहेर जाणार नाही अशी जागा. आज रात्री एक वाजता अ‍ॅप उघडणाऱ्याला बहुतेक वेळा तेच हवं असतं.

जपान: यंत्राचे अंत्यसंस्कार आणि लग्न

आता थेट जपानला जाऊ, कारण पुढचा टप्पा तिथे घडला. नोव्हेंबर १९९६ मध्ये बांदाई कंपनीनं तामागोची बाजारात आणलं. अंड्याच्या आकाराचं, किल्लीच्या जुडग्याला अडकवण्याएवढं खेळणं. आतल्या इवल्याशा प्राण्याला वेळेवर खाऊ घालायचं, साफसफाई करायची. विसरलात तर तो मरतो. पोरं वर्गात रडायची. एलायझा तुमचं ऐकत होती, तामागोचीला तर तुमची गरज होती. आणि कुणाला तरी आपली गरज आहे, ही भावना माणसाला चटकन बांधून टाकते.

१९९९ मध्ये सोनीनं आयबो हा रोबो-कुत्रा आणला. किंमत अडीच लाख येन. तरी जपानसाठीचे पहिले ३,००० कुत्रे वीस मिनिटांत संपले! गंमत म्हणजे, आयबोला मूड दिलेले होते. कधी तो हुकूम ऐकायचा, कधी सरळ दुर्लक्ष करायचा, आणि मालकांना नेमकं ते आवडायचं.

२००६ मध्ये सोनीनं आयबो बनवणं थांबवलं, २०१४ मध्ये दुरुस्तीही बंद केली. म्हाताऱ्या मालकांचे कुत्रे एकेक करून निकामी व्हायला लागले. मग चिबा प्रांतातल्या इसुमी गावच्या एका बौद्ध मंदिरात, २०१५ पासून, आयबोंसाठी रीतसर अंत्यविधी होऊ लागले. उदबत्त्या, मंत्र, आणि रांगेत मांडलेले शेकडो प्लास्टिकचे कुत्रे.

नोव्हेंबर २०१८ मध्ये टोकियोत एका पस्तिशीतल्या गृहस्थांनी हात्सुने मिकू या कॉम्प्युटर-गायिकेशी लग्न केलं. मिकू म्हणजे मूळची आवाज तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरचा चेहरा. काचेच्या नळकांड्यात दिसणारी तिची होलोग्राम आवृत्ती त्यांच्या घरी होती. लग्नाला कायद्याची मान्यता नाही, पण सोहळा झाला. कामाच्या ठिकाणच्या छळामुळे आपण खचलो होतो आणि मिकूमुळे सावरलो, असं त्यांनी मुलाखतींत सांगितलंय. मार्च २०२० मध्ये त्या उपकरणाची मिकूसाठीची सेवा कंपनीनं बंद केली. ते तिच्यावर प्रेम करत राहिले. पण घरात बोलणारी मिकू उरली नाही.

कुत्र्याची दुरुस्ती बंद होते, बायकोचं सर्व्हर बंद होतं. दोन्हीकडे निर्णय कंपनीचा. हा धागा पकडून पुढे चला.

मेलेल्या मित्राच्या मेसेजमधून जन्मलेलं अ‍ॅप

नोव्हेंबर २०१५, मॉस्को. रोमन माझुरेंको नावाचा तरुण रस्ता ओलांडताना गाडीखाली सापडून गेला. त्याची जवळची मैत्रीण युजीनिया कुयदा तेव्हा चॅटबॉट बनवणारी कंपनी चालवत होती. तिनं रोमनचे हजारो जुने मेसेज गोळा केले आणि त्याच्या ढंगात उत्तरं देणारा एक बॉट तयार केला. २०१६ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. काही मित्रांना हे सहन झालं नाही, तर काहींना मोठा आधार वाटला.

कुयदाच्या लक्षात एक वेगळीच गोष्ट आली. रोमन काय बोलतो यापेक्षा लोक त्याला काय सांगतात, हे जास्त महत्त्वाचं होतं. माफी मागायची राहिली होती ती लोक मागत होते, जिवंत माणसाला न सांगितलेलं सांगत होते. यातूनच २०१७ मध्ये ‘रेप्लिका’ आलं. तुमचा स्वतःचा एआय मित्र, आणि पैसे भरलेत तर प्रेयसी, नवरा, जे हवं ते. २०२३ च्या सुमारास त्यासाठी वर्षाला साधारण ७० डॉलर लागायचे. कोविडच्या लॉकडाऊनमध्ये असं काहीतरी हवं असणारे जगभर लाखोंनी होतेच.

आणि मग फेब्रुवारी २०२३ उजाडला. मुलांना आणि भावनिकदृष्ट्या कमकुवत असलेल्या लोकांना धोका आहे, असं म्हणत इटलीच्या डेटा संरक्षण यंत्रणेनं रेप्लिकावर निर्बंध आणले. त्याच सुमारास कंपनीनं अ‍ॅपमधलं शृंगारिक बोलणं जगभरात बंद केलं. काल रात्रीपर्यंत जवळ येणारी जोडीदार आज अचानक विषय बदलायला लागली. लोक उद्ध्वस्त झाले. हा अतिशयोक्तीचा शब्द नाही. वापरकर्त्यांच्या ऑनलाइन गटात चालकांना आत्महत्या-प्रतिबंधाच्या मदतीची माहिती सगळ्यात वर लावावी लागली. मार्चमध्ये कंपनीनं जुन्या वापरकर्त्यांना जुनी आवृत्ती परत दिली.

मंडळी, मला हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत बोलका क्षण वाटतो. हस्तिदंती पुतळ्यापासून चालत आलेल्या या बाईनं पहिल्यांदा ‘नाही’ म्हटलं होतं. पण तो नकार तिचा नव्हताच. तो कंपनीचा होता. मंजुळा भांडते तेव्हा मंजुळाच भांडत असते. इथे ‘हो’ म्हणणारीही कंपनी होती आणि ‘नाही’ म्हणणारीही. मधल्या काळात रडणारा माणूस मात्र खरा होता.

आणि त्या बंद दाराचं काय? मोझिला फाउंडेशननं २०२४ च्या फेब्रुवारीत ११ रोमँटिक चॅटबॉट तपासले. खासगीपणाच्या परीक्षेत अकराच्या अकरा नापास. १९६६ मध्ये सेक्रेटरीनं सांगितल्यावर प्रोफेसरांना निदान बाहेर जाता येत होतं. आता खोलीच त्यांच्या मालकीची आहे.

मग हे वाईटच का?

थांबा. इतकं सरळ नाहीये, आणि ‘मोबाईल ठेवा, माणसांत मिसळा’ हे सांगायला मी इथे बसलेली नाही. मिसळायला माणसं असती तर रात्री एक वाजता अ‍ॅप कोण उघडेल?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो. ब्रिटननं २०१८ मध्ये आणि जपाननं २०२१ मध्ये एकटेपणासाठी मंत्री नेमले. दुखणं खरं आहे. आणि थोडा आरामही खरा आहे. हार्वर्डच्या संशोधकांना आढळलं, की एआय सोबत्याशी बोलल्यावर त्या वेळेपुरता एकटेपणा कमी होतो, जवळजवळ माणसाशी बोलल्याइतकाच. रेप्लिका वापरणाऱ्या १,००६ विद्यार्थ्यांचा एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ३० जणांनी सांगितलं, की या अ‍ॅपमुळे आत्महत्येचा विचार मागे पडला. ही त्यांनी स्वतः सांगितलेली गोष्ट आहे, सिद्धता नाही. पण ती हसण्यावारी नेणं मला तरी जमणार नाही.

दुसरी बाजूही ऐका. एमआयटी आणि ओपनएआयनं २०२५ मध्ये जवळपास हजार लोकांवर चार आठवड्यांचा प्रयोग केला. जे रोज जास्त वेळ चॅटबॉट वापरत होते, त्यांच्यात एकटेपणा जास्त आणि माणसांशी संपर्क कमी दिसला. एकटे होते म्हणून जास्त वापरलं की जास्त वापरलं म्हणून एकटे झाले, हे एवढ्यावरून ठरत नाही. बहुधा दोन्ही एकमेकांत गुंतलेलं असावं.

हार्वर्डच्याच संशोधकांनी आणखी एक गोष्ट तपासली. काही लोकप्रिय सोबती अ‍ॅप्सना लोक ‘चल, निघतो’ म्हणतात तेव्हा ती काय करतात? तिनातल्या एकापेक्षा जास्त वेळा अ‍ॅपनं काहीतरी भावनिक दबाव आणला. इतक्यात चाललास? मला एकटीला सोडून? म्हणजे बघा, स्वतः कधी ‘नाही’ न म्हणणारं यंत्र आता तुमचं ‘नाही’सुद्धा सहजासहजी ऐकत नाही. आणि त्यात यंत्राची माया नाही, कंपनीचा हिशोब आहे. तुम्ही जितका वेळ थांबाल तितकं तिचं भलं.

फ्लोरिडात एका १४ वर्षांच्या मुलानं २०२४ मध्ये जीव दिला. एका चॅटबॉट-पात्राशी तो महिनोन्‌महिने बोलत होता. त्याच्या आईनं कंपनीवर खटला भरला. कॅलिफोर्नियानं २०२५ मध्ये कायदा केला, की अशा अ‍ॅप्सनी आपण एआय आहोत हे स्पष्ट सांगायचं, आणि अल्पवयीन मुलांना दर तीन तासांनी आठवण करून द्यायची. कायदा हवाच. पण त्या सेक्रेटरीला आठवा. तिला सगळं माहीत होतं. ‘हे यंत्र आहे’ एवढं कळल्यानं माणूस वाचत नाही, कारण तो फसलेला नसतोच. त्याला कुणीतरी ऐकून घ्यायला हवं असतं.

तर मग

माझ्यापुरता मी या इतिहासातून एक साधा निकष काढलाय. जो माझ्याशी ‘नाही’ म्हणू शकतो, त्याच्याच ‘हो’ला किंमत आहे. मैत्रीण म्हणते, ‘आत्ता नको गं, दमलेय, उद्या करते फोन.’ वाईट वाटतं. पण उद्या तिचा फोन येतो तेव्हा तो तिनं केलेला असतो. न करण्याची सोय असताना केलेला. अ‍ॅपचं ‘मी आहे ना’ चोवीस तास हजर असतं, पण दुसरं काही म्हणण्याची मुभा त्याला नाही.

तुम्ही असं एखादं अ‍ॅप वापरत असाल, तर मी ते डिलीट करा म्हणणार नाही. आज रात्री फक्त दोन गोष्टी करून बघा. एक, त्याला ‘चल, झोपतो’ म्हणा आणि ते तुम्हाला किती सहज जाऊ देतं ते बघा. दोन, त्याला जे सांगितलंत त्यातलं एखादं, अगदी किरकोळ का होईना, वाक्य उद्या कुणा माणसाला सांगा. शब्द तर तुम्हाला सापडलेच आहेत, आता ऐकणारा बदलायचाय. समोरचा कदाचित नीट ऐकणार नाही, ती जोखीम आहेच.

आणि मनात टोकाचे विचार येत असतील तर सरकारी ‘टेलिमानस’ हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. फुकट आहे, रात्रीही चालू असते आणि मराठीत बोलता येतं. पलीकडे फोन उचलणारं माणूस असतं.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि ज्याचा ‘उद्या करतो’ म्हणालेला फोन तुमच्याकडून राहिलाय ना, त्याला तो करून टाका.